बत्ती मंद झाल्याचा अर्ज

लिहायला बसलो आहे खरा, पण हे माझ्यासारख्याने करावं की नाही याची खात्री नाही, म्हणून आधीच माफी मागून ठेवतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही. बाबांना सही येते, आईला तीही धड येत नाही. मराठीच्या बाई म्हणाल्या, गोष्ट रचू नकोस, तुझ्या आठवणीतला एखादा ऋतू लिही. मला एकच ऋतू आठवतो. शिवाय मनापासून म्हणावं असं लिखाण मी याआधी एकदाच केलं आहे. तो एक अर्ज होता, आणि त्यातलं मुख्य वाक्य खोटं होतं. लिहिताना ते खोटं आहे हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच.

परवा खेडच्या एसटी स्टँडवरून मामाच्या घराकडे चालत येताना ओल्या पेंढ्याचा वास आला आणि मी थांबलो. जगबुडी नदीच्या पलीकडच्या मळ्यांत कापणी लागली होती. नवरात्र सरलं की इथलं ऊन एकदम बदलतं. चार महिने कुबट राहिलेल्या गाद्या, वह्या, चामडी चपला लोक अंगणात उन्हाला घालतात. वरच्या कातळसड्यावरचं गवत वरून पिवळं पडतं, बुडाशी अजून हिरवंच असतं. सकाळी धुकं, दुपारी डोकं तापवणारं ऊन, आणि त्यातच परीक्षेचं वेळापत्रक फळ्यावर लागतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा महिना माझ्यासाठी इतकाच होता. आता तसा राहिलेला नाही.

आमचं घर रत्नागिरीला, खाडीच्या तोंडाशी. दारातून बाहेर आलं की वाळूची पुळण, पुळणीवर सुकत घातलेला जवळा, आणि उजवीकडे लांब समुद्रात घुसलेलं किल्ल्याचं टोक. त्या टोकावर दीपगृह. आमच्याकडे त्याला दीपगृह कुणी म्हणत नाही, बत्ती म्हणतात. बाबा तांडेल होते. बोट नाखव्याची, म्हणजे मालकाची असते. पण एकदा बंदर सुटलं की ती तांडेलाची. सुकाणू त्याच्या हातात आणि बोटीवरच्या माणसांचा जीवही.

पाण्यावर तांडेलाच्या शब्दाला नाही म्हणायचं नसतं. सात माणसांची सात मतं झाली तर बोट खडकावर जाते, म्हणून ही रीत. पण पाण्यावरची रीत हळूहळू जमिनीवरही येते. बाबा म्हणाले उद्या वारा फिरेल, तर वाडीत कुणी फिरणार नाही असं म्हणत नसे. वारा नाही फिरला, तर दुसऱ्या दिवशी त्याबद्दल कुणी बोलतही नसे. मी याच घरात वाढलो. बाबांचं वाक्य म्हणजे भिंतीसारखं. भिंतीला पाठ टेकायची, ती ठोकून बघायची नाही.

लहानपणी दिवेलागणीला बाबा मला पुळणीवर घेऊन बसायचे आणि बत्तीच्या फिरत्या झोताचे फेर मोजायला शिकवायचे. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत जायचा, जप केल्यासारखा. ते सांगायचे, प्रत्येक बत्तीची आपली चाल असते. जयगडची वेगळी, आपली वेगळी. चाल ओळखली की घर ओळखलं. मी पेरं चुकायचो. मग ते माझा अंगठा आपल्या चिमटीत धरून पुन्हा पहिल्या पेरावर ठेवायचे. त्यांच्या हातांना डिझेलचा आणि मिठाचा वास असायचा.

दहावीनंतर त्यांनीच मला खेडला पाठवलं. मामा तिथे एसटी डेपोत मेकॅनिक आहे. आईची इच्छा नव्हती. बाबा तिला म्हणाले होते, इथं राहिला तर तिसऱ्या वर्षी बोटीवर चढेल. मला तेव्हा राग आला होता. खेडला नदी आहे, पण नदी म्हणजे समुद्र नव्हे. पहिले कित्येक महिने सकाळी जाग आली की कानांना काहीतरी कमी आहे असं वाटायचं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. नवरात्राच्या शेवटच्या दिवसांत चार दिवस घरी आलो होतो. जेवताना बाबा म्हणाले, बत्ती मंद केलानी. पावसाळा संपून बोटी पाण्यात उतरल्यापासून ते हेच सांगत होते, असं आई म्हणाली. सरकारने जुना दिवा काढून वीज वाचवणारा बसवला असणार, त्याच्याभोवती धुकं धरल्यासारखं दिसतं, आधी पाच वाव खोल पाण्यातून फेर मोजता यायचे ते आता मोजता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. उद्या कुणाची बोट आपटली तर जबाबदार कोण, हाही त्यांचा प्रश्न होता. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू शिकतोस ना? लिव एक अर्ज."

मला किती आनंद झाला होता हे आज लिहायलाही लाज वाटते. घरात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचं काम निघालं होतं. मी रेघांचे कागद आणले. विषय, महोदय, वरील विषयास अनुसरून, सगळं शाळेत शिकवल्यासारखं. ‘सदर दीपगृहाचा प्रकाश पूर्वीपेक्षा मंद झाला असून त्यामुळे मच्छीमार बांधवांच्या जीवितास धोका निर्माण झाला आहे.’ निर्माण हा शब्द मी दोनदा खोडून नीट लिहिला. जेटीवर सगळ्यांसमोर बाबांनी तो अर्ज मला तीनदा वाचायला लावला. एक खलाशी म्हणाला, आता हा साहेब होणार, आपलं बांगडं पण अर्ज करून पकडायला लावणार. सगळे हसले. बाबाही हसले. मग एकेकाने खाली सही केली, दोघांनी अंगठा उठवला.

शेवटी राहिले उस्मानचाचा. ते बोटीचं इंजिन सांभाळायचे. बाबा आणि ते मिसरूड फुटायच्या आधीपासून एका बोटीवर. चाचांनी पेन हातात धरलं आणि कागदाकडे बराच वेळ बघत राहिले.

"लिवलंस झ्याक," ते मला म्हणाले. "पण तू बघितलीस काय बत्ती?"

"बाबांनी बघितली," मी म्हणालो.

त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा जाळ्याची गाठ सोडवत होते. चाचांनी मान खाली घालून उर्दूत सही केली, उजवीकडून डावीकडे, सावकाश.

त्या दिवशी अंधार पडल्यावर दारात उभं राहून मी बत्ती बघायला हवी होती. पाच मिनिटांचं काम होतं. मी सायन्सचा नाही, पण एवढं कळायला सायन्स लागत नाही. ते मला सुचलंच नाही. भिंत ठोकून बघायची नाही, ही सवय किती आत गेलेली असते ते असं कळतं.

दसऱ्याला बोटी बंदरातच असतात. सकाळी इंजिनाची पूजा झाली, नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, झेंडूचा हार घातला, आणि दुपारी बाबा इस्त्रीचा सदरा घालून तयार झाले. अर्ज पोस्टाने नको, हातात द्यायचा, असं त्यांचं ठरलं होतं. बसने किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत गेलो, तिथून चढ चालत. गंमत म्हणजे आम्ही दोघंही तिथे आधी कधी गेलो नव्हतो. रत्नागिरीच्या माणसाला ते पाहुण्यांना दाखवायचं ठिकाण. पाहुणे आमच्याकडे फारसे येत नाहीत, आणि आले तर बाबा बोटीवर असतात. तीस वर्षं ज्या बत्तीच्या भरवशावर घरी आले, तिच्या दारात ते पहिल्यांदाच उभे होते.

तिथे एकच कर्मचारी होते, पन्नाशीचे. बोलणं विदर्भाकडचं. आम्हाला वाटलं होतं, फाटकावरूनच परत पाठवतील. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि अर्ज शेवटपर्यंत वाचला. अंगठेसुद्धा बघितले. हसले नाहीत. बाबांना विचारत गेले की केव्हापासून असं वाटतं, कोणत्या बाजूने येताना, किती लांबून. बाबा नीट उत्तरं देत होते. मग ते किल्ल्या घेऊन उठले आणि म्हणाले, चला काका, दाखवतोच तुम्हाला.

आत गारवा होता. पितळ घासायच्या पॉलिशचा आणि जुन्या तेलाचा वास. गोल फिरत जाणारा जिना, मधे मधे एक लहानशी खिडकी, खिडकीत चौकोनभर समुद्र. हालत्या बोटीच्या काठावरून डोक्यावर टोपली घेऊन अनवाणी चालणारे बाबा इथे प्रत्येक पायरी आधी पायाने चाचपून मग वजन टाकत होते. एक हात भिंतीवर. मला वाटलं, गुडघे. मी त्यांना विचारलंही, दुखतात काय. ते व्हय म्हणाले.

शेवटच्या शिडीपाशी बाबांनी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मग मीही काढल्या, आणि मागून त्या कर्मचाऱ्यांनीही आपले बूट काढले. ते रोज तसं करत असतील असं मला वाटत नाही. वर काचेचा एक मोठा पिंजरा होता, काचेच्या कड्या एकात एक बसवलेल्या, आणि त्या पिंजऱ्याच्या पोटात दिवा. बाबांनी हात जोडले. मग वाकून जवळून बघितलं, अगदी नाक लागेल इतक्या जवळून.

"एवढाच?" ते म्हणाले.

"दिवा एवढाच असते जी," कर्मचारी म्हणाले. "काम काच करते."

इंग्रजांच्या काळात इथे तेलावर बत्ती जळायची, माणसं रात्रपाळी करून वात सांभाळायची, असं त्यांनी सांगितलं. दिवे बदलत गेले, पण काच आणि उजेडाचं मोजमाप ठरलेलं, ते खाली येऊ देत नाहीत. त्यांनी नोंदवही उघडून दाखवली. रोजची तपासणी, रोजची सही. बाबा वहीकडे बघत मान हलवत होते. मी वही वाचली. तिच्यात माझ्या अर्जाला जागाच नव्हती.

बाहेरच्या सज्जात वारा होता. दुपारनंतरचा खारा वारा, समुद्रावरून जमिनीकडे येणारा. भूगोलात तो आम्हाला होता. खाली पाणी इतकं निळं आणि इतकं गप्प, की ते बाबांचं रोजचं पाणी आहे हे खरं वाटेना. जिथून बत्ती बाबांकडे बघत आली, तिथून आम्ही बाबांच्या दर्याकडे बघत होतो. कर्मचाऱ्यांनी दक्षिणेकडे बोट करून विचारलं, तो काळा खडक भरतीला झाकतो ना हो. बाबा म्हणाले झाकतो. त्यांचं तोंड खडकाच्या बरंच डावीकडे होतं. एक बोट खाडीकडे चालली होती. ती कुणाची, असं मी सहज विचारलं. बाबांनी थोडा वेळ कान दिला आणि नाव सांगितलं. बरोबर होतं. बाबा कानाने सांगत होते हे मला तेव्हाही कळलं नाही. मला अभिमान वाटला.

निघताना कर्मचारी म्हणाले, माझ्या बोलण्यावर जाऊ नका काका, थोड्या वेळात बत्ती लागेल, समोर देवीच्या देवळापाशी उभे राहा, तिथून नीट दिसते. बघा, मग सांगा. तोवर अर्ज मी पुढे पाठवत नाही.

देवळापाशी दसऱ्याची गर्दी होती. ओळखीपाळखीचे लोक आपट्याची पानं देत होते. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. बाबांच्या हातात पाचसहा पानं जमली. सूर्य पाण्यात गेला, आकाश तांबूस राहिलं, मग राखाडी झालं. आम्ही कठड्यापाशी उभे होतो, दोघंही पलीकडच्या टोकाकडे तोंड करून. बत्ती लागली. स्वच्छ. एक फेर गेला, दुसरा गेला. माझा अंगठा आपोआप पेरांवर चालायला लागला. तिसरा. चौथा.

"लागली काय रे?" बाबांनी विचारलं.

ते सरळ तिच्याकडेच बघत होते. दिशा त्यांना पाठ होती.

मी म्हणालो, "आत्ताच लागली."

त्यांनी हातातली पानं मुठीत आवळली. मग म्हणाले, "हां. चांगली हाय की. मंद नाय."

आमच्या दोघांत कोण कुणाला फसवत होतं हे मला आजही सांगता येत नाही. उतरताना मी त्यांचा हात धरला. गर्दी आहे म्हणून धरला, असं दाखवलं. त्यांनी धरू दिला. बसमध्ये आपट्याची पानं त्यांच्या मुठीत चुरगळलेली होती. घरी आईने विचारलं, काय झालं अर्जाचं. बाबा म्हणाले, बघतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने मी खेडला निघालो. बाबा चहा पीत होते. मी वाकून नमस्कार केला. तेव्हा बोलायचं होतं. बाबा, तुम्हाला दिसत नाही. चार शब्द. ओठांपर्यंत आले होते.

का बोललो नाही, याची मी पुष्कळ कारणं जमवली. तांडेलाला नाही म्हणायचं नसतं. मी डॉक्टर नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी असलं बोलू नये. ही सगळी कारणं खरी आहेत, पण त्यांच्या खाली एक आहे ते लिहितो. बाबा बोटीवरून उतरले तर घरात दुसरा पुरुष मीच. मग मला बोटीवर चढावं लागणार, आणि कॉलेज तिथेच संपणार. एसटीत खिडकीपाशी बसून मी हा विचार स्पष्टपणे केला होता. बोटीवर सात माणसं होती. त्यांच्यासमोर मी माझी परीक्षा ठेवली.

त्यानंतरचे दिवस खेडला कसे गेले ते नीट सांगता येणार नाही. दिवसभर मामाच्या पडवीत वही उघडी असायची. समोर अंगणात भात झोडलेलं, कोंबड्या दाणे टिपणाऱ्या, मामी सुपाने पाखडणारी. मी एकच पान वाचत बसायचो. रोज सकाळी आईला फोन करून विचारायचो, बोट आली काय. आली, म्हणायची. एवढंच. बाबांना फोन दे म्हटलं तर ते झोपलेत, नाहीतर बाहेर गेलेत. पेपर उघडला की मी आधी आतल्या पानावरच्या बारीक बातम्या बघायचो, बोट हा शब्द कुठे आहे का. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की मला देवळापाशी उभं राहिल्यासारखं वाटायचं. मामाने एकदा विचारलं, एवढा सुकलास का. अभ्यास, मी म्हणालो. तो म्हणाला, मेल्या, अभ्यासाने माणूस सुकत असता तर तुमचे सर काटक्या झाले असते.

दिवाळीला येऊ नको, पेपर तोंडावर आलेत, असं आईने स्वतःहून सांगितलं. मला सुटल्यासारखं झालं, याचीही आता लाज वाटते. मामाच्या अंगणात तुळशीपाशी कारेटं, ते रानफळ, फोडलं, त्याचा कडू रस जिभेला लावला. नव्या भाताच्या पोह्यांचा डबा आईने ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवला होता. तो उघडल्यावर घराचा वास आला आणि मी झाकण परत लावलं.

भूगोलाच्या पेपरला खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांवर प्रश्न होता. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे. मी आकृती काढली, बाण काढले. मतलईचे बाण काढताना वाटलं, याच वाऱ्यावर पहाटे बोटी बाहेर पडतात. त्या प्रश्नात मला पूर्ण गुण मिळाले.

माझ्या गप्प बसण्याने काय झालं, काय झालं नाही, हा हिशेब मी अनेकदा मांडतो. पण त्या दिवसांत मी जे केलं ते निकालावर अवलंबून नाही. मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. पुढे काहीही कळलं असतं तरी एवढं तसंच राहतं. म्हणून कापणीचा वास आला की थांबायला होतं.

शेवटचा पेपर दुपारी संपला. मुलं बाहेर उड्या मारत होती. मी एकटाच जगबुडीच्या पुलावर गेलो. पाणी उतरलेलं, दगड उघडे पडलेले, ऊन अजून कडक. बाबांना फोन लावण्याचं धैर्य तेव्हाही नव्हतं. मी उस्मानचाचांना लावला. त्यांनी उचलल्यावर नमस्कारही न करता एका दमात सांगून टाकलं. चाचा, बाबांना अंधार पडला की दिसत नाही, दसऱ्याला मी स्वतः बघितलं, मी कुणाला बोललो नाही, माझं चुकलं, आजपासून त्यांच्या हातात सुकाणू देऊ नका.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग चाचांनी शांतपणे विचारलं, "पेपर संपलं?"

"संपले."

"सगळं?"

"हो, सगळे."

"मग आता ऐक," ते म्हणाले. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू एसटीत बसलास, आणि तुझा बाबा जेटीवर आला. सगळ्यांना उभं केलान, आणि सांगितलान, माझी नजर गेली, आजपासून सुकाणू उस्मानकडं. त्या दिवसापासून तो बोटीवर चढला नाय. डोळ्याच्या डॉक्टरकडं मीच नेलं. काचबिंदू म्हणतात. एक डोळा गेला, तो काय परत येत नाय. दुसऱ्यात थोडी नजर हाय, ती औषध घालून राखायची. आता जाळी शिवतो, बोटांनी. तुला सोडून सगळ्या बंदराला ठाऊक हाय. पोराचं पेपर होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाय, हा तांडेल म्हणून तेनं दिलेला शेवटचा हुकूम."